अक्कांनी धुतलेल्या बाटल्या

शेजारच्या अक्कांविषयी लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. इमारतीत त्यांची आठवण निघाली की सगळे त्यांच्या चटणीपुडीबद्दल, म्हणजे कोरड्या चटणीबद्दल बोलतात आणि मीही मान डोलावतो. आता माझंही वय झालं. खरं ते लिहून टाकतो.

अक्कांना काहीही विचारा, उत्तर ‘स्वल्प’नेच सुरू व्हायचं. कन्नडमध्ये स्वल्प म्हणजे थोडं. जेवण झालं? स्वल्प झालं. मुलगा येतो ना भेटायला? स्वल्प येतो. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतलं, आणि आम्ही पुण्याहून मुलाकडे राहायला आलेले नवखे. माझ्याहून मोठ्या असूनही त्या मला अण्णा म्हणत.

इमारतीला लिफ्ट नव्हती. पाण्याची टाकी भरली का ते बघायला अक्का रोज सकाळी गच्चीवर जात. हे काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. टाकी भरली की वरूनच हाक यायची, ‘सरी, मोटर बंद करा.’ सरी म्हणजे ठीक, झालं. त्या हाकेवर आमच्या घरात चहाचं आधण चढायचं.

एकदा त्या जिन्यातच बसलेल्या दिसल्या. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यापासून मांड्या भरून येतात म्हणाल्या. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं होतं, पण स्वल्प दुखण्यासाठी सुई कशाला, असं त्यांचं म्हणणं.

मी एका औषधाच्या कारखान्याचं गोदाम सांभाळलेला माणूस. तेवढ्यावर आपल्याला औषधातलं कळतं अशी माझी समजूत होती. फोनवर आलेलं पायदुखीवरचं काहीतरी वाचून मी आंबवलेल्या लाल तांदळाच्या अर्काच्या कॅप्सूल मागवल्या आणि अक्कांना दिल्या.

“तांदूळच आहे, अपाय कसला? गोळीबरोबर घेत जा. डॉक्टरांना सांगू नका, ते हसतात.”

“तुम्ही शिकलेले, अण्णा. तुम्ही सांगाल तसं.”

अक्का कुणाचं भांडं रिकामं परत करत नसत. कॅप्सूल संपल्या की बाटली पाण्यात भिजवून, लेबल खरवडून, चटणीपुडी भरून आमच्या दारात यायची. मग मी नवी बाटली द्यायचो. इडलीबरोबर ती चटणी खाताना मला उगाचच परोपकारी वाटायचं.

पाय मात्र जास्तच ओढू लागले. गुण यायला वेळ लागतो, असं मी सांगत राहिलो. एका सकाळी गच्चीच्या जिन्यात त्यांच्या मांड्यांतलं बळच गेलं. त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, “स्नायू फार अशक्त झालेत. कोलेस्टेरॉलच्या गोळीशिवाय आणखी काही घेत होतात?”

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या पायथ्याशी उभा होतो. मी चादरीची घडी सारखी करू लागलो.

“काही नाही,” अक्का म्हणाल्या.

घरी येऊन मी सुनेला कॅप्सूलची नवी बाटली दाखवली. तिने फोनवर शोधलं.

“बाबा, यात कोलेस्टेरॉलच्या गोळीसारखंच औषध असतं. दोन्ही एकत्र घेतलं तर स्नायूंची वाट लागते. कुणाला दिल्यात का?”

“नाही,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी अक्कांना सांगितलं, त्या कॅप्सूल जुन्या झाल्यात आणि नव्या आता मिळत नाहीत. घराची किल्ली मागून उरलेल्या मी काढून आणल्या.

अक्का पुन्हा जिना चढल्या नाहीत. मुलाने त्यांना देवनहळ्ळीला आपल्या तळमजल्यावरच्या नव्या घरात नेलं. मी माफी मागायची ठरवून बसने तिकडे गेलो. अक्का वॉकर धरून दारापर्यंत आल्या. आपल्या सुनेला कॉफी ठेवायला सांगितली आणि अभिमानाने माझी ओळख करून दिली. हेच ते अण्णा, यांच्या गोळ्यांवर मी चालत होते. गोळ्या मिळेनाशा झाल्या आणि माझे पाय गेले.

मी कॉफी संपवून उठलो. निघताना त्या हळूच म्हणाल्या, “कुठे मिळाल्या तर बघा, अण्णा. स्वल्पच आणा. एकदा गच्चीवर जाऊन यायचंय.”

“बघतो,” मी म्हणालो.

पुढच्या खेपेला नक्की सांगणार होतो. त्याआधीच त्यांच्या मुलाचा फोन आला, अक्का गेल्या म्हणून.

देवनहळ्ळीला जाताना बसमध्ये सगळं वाक्य मनात तयार केलं होतं. अक्का, गोळ्या बंद झाल्या म्हणून तुमचे पाय गेले नाहीत. त्या गोळ्यांनीच गेले, आणि त्या मी दिल्या. मला माफ करा.