इस्त्रीच्या टेबलाशी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याची खोली आहे. लढाईच्या वर्षी बाजारात तोफगोळा पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून गेला. जखमी सैनिकांना पेन्शन मिळाली, याला नाही. "मी कुठे लढायला गेलो होतो, आजी? कांदे आणायला गेलो होतो," असं तो हसत सांगतो.

इस्त्रीला दोन हात लागतात. एक दाबायला, दुसरा कापड ताणायला. हे दुसरं काम त्याच्या बायकोने उचललं. समोर उभी राहून ती टोक ओढून धरायची. तोंड मात्र चालूच.

"अहो, कॉलर! लक्ष कुठंय?"

"तुझ्याकडेच."

"म्हणूनच करपली!"

मग खोलीचं भाडं वाढलं. बायकोला दवाखान्यात फरशी पुसायचं काम मिळालं, ठरलेल्या पगाराचं. तो तिला म्हणाला, "जा तू. माझं मी बघतो." टेबल सोडायचं नाही, एवढाच त्याचा हट्ट होता.

कापडाच्या टोकावर वीट ठेवून पाहिली, ती सरकायची. टोक दातांत धरलं तर वाफ तोंडावर यायची. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा पांढरा शर्ट पाठीवर करपला. पुढच्या आठवड्यापासून त्यांचे कपडे पलीकडच्या लाँड्रीत जाऊ लागले. हळूहळू बाकीच्यांचेही. लोक 'बिचारा' म्हणायचे आणि रस्ता ओलांडायचे. मी म्हटलं, "माझ्या चादरी नुसत्या घडी करून दे."

"मग पैसे कशाचे घेऊ, आजी?"

संध्याकाळी बायको परतली की दोघं मिळून उरलेलं काम काढायची. एकदा मी गेले तेव्हा ती टोक धरून उभ्या उभ्या पेंगत होती. कापड सैल पडलं. त्याने इस्त्री बाजूला ठेवली, पण तिला उठवलं नाही. नुसता उभा राहिला.

त्याच आठवड्यात त्याने तिच्या भावाला बोलावून घेतलं. मेहुणा धट्टाकट्टा, बोलायला गोड. "दाजी, तुम्ही आता बसा," म्हणाला.

"बसायला काय झालंय? पाय आहेत की दोन!"

आता मेहुणा टेबलाशी असतो आणि हा घरोघर गठ्ठे पोचवतो. काल माझ्या चादरी घेऊन आला. जिना चढून दमला होता, मी पाणी दिलं. वरच्या चादरीवर बोटं फिरवत म्हणाला, "कडा नीट बसवत नाही अजून. सांगितलं की राग येतो त्याला."

"मग?"

"मग काय. सांगत नाही."

पेला ठेवला, बाकीचा गठ्ठा खांद्यावर घेतला आणि शेजारचं दार वाजवलं.