इयर एटवर माझं सहा आठवड्यांचं राज्य

अमिरातीतल्या अल ऐनच्या त्या शाळेत मी लायब्ररीत होते. पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारायचे, फाटलेल्या पानांना टेप लावायची आणि पहिलीच्या मुलांनी डायनासोरच्या पुस्तकांत लपवलेली बिस्किटं झटकून काढायची, हे माझं काम. इतिहासात एम.ए., बी.एड. आणि साताऱ्यात नऊ वर्षं शिकवल्याचा अनुभव हे सगळं माझ्या फाइलमध्ये होतं. पण फाइल एचआरच्या कपाटात आणि मी लायब्ररीत, त्यामुळे आमची गाठ पडत नसे.

एका सोमवारी प्रिन्सिपल बाई स्वतः लायब्ररीत आल्या. त्या इंग्लंडच्या. गोड हसल्या की समजायचं, काहीतरी गळ्यात पडणार आहे.

"तुमच्याकडे हिस्टरीची डिग्री आहे ना?" त्यांनी गोड हसून विचारलं.

इयर एटचे, म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या मुलांचे, इतिहासाचे सर सुट्टीवरून परत आलेच नव्हते. नवे सर इंग्लंडहून येणार होते, पण व्हिसाला सहा आठवडे लागणार. तोपर्यंत वर्ग मी घ्यायचा. ट्यूडर्स चालू होतं.

इंग्लंडच्या ट्यूडर घराण्यातला मला एकच राजा ठाऊक होता, सहा बायकांवाला. पुस्तक उघडलं तर तो पुढच्या धड्यात. आमच्या वाट्याला त्याचा बाप आला होता. चित्रातला हा बाप बारीक, ओठ मिटलेला, आणि आपण त्याचं पेन नेऊन परत दिलं नाही अशा नजरेने बघणारा.

दुपारी नवरा न्यायला आला. तो हॉस्पिटलमधली मशीन दुरुस्त करतो, माणसांबद्दल फार मतं ठेवत नाही. गाडीत मी त्याला धडा वाचून दाखवला.

"म्हणजे ह्याचा गादीवर हक्क काहीच नाही?" त्याने विचारलं.

"आईकडून थोडासा. लांबून."

"आणि चौदा वर्षं परदेशात काढली?"

"हो."

"आपल्यातलाच आहे की," तो म्हणाला आणि राउंडअबाउटला गाडी वळवली.

मंगळवारी वर्गात शिरले तेव्हा दोन राज्यं आधीच तयार होती. सर नसलेल्या दोन आठवड्यांत मुलांनी टोळ्या केल्या होत्या. एका टोळीचा म्होरक्या एक दांडगा इजिप्शियन मुलगा, मनगटावर हिरवी पट्टी. दुसरीची म्होरकी एक लेबनीज मुलगी, तिची पट्टी जांभळी. त्यांच्यामागे दहा-दहा हिरवे-जांभळे. हवेत कागदी विमानं.

"मिस, पण तुम्ही तर लायब्ररी आहात," तो दांडगा म्हणाला. मी माणूस आहे हे त्याला पटवायला मला पहिली दहा मिनिटं लागली.

मग मी जाहीर केलं, "मी कालपासून तुमची टीचर आहे. काल ज्यांनी ज्यांनी विमानं उडवली, त्यांची नावं रजिस्टरमध्ये लिहिली जातील."

गदारोळ झाला. "मिस, काल तुम्ही नव्हताच! दिस इज नॉट फेअर!"

"बरोबर. पान अकरा उघडा."

पान अकरावर होतं की ह्या राजाने लढाई जिंकल्यावर आपलं राज्य लढाईच्या आदल्या दिवसापासून सुरू झाल्याचं जाहीर केलं. म्हणजे समोरच्या खऱ्या राजाच्या बाजूने जे लढले ते सगळे आपोआप देशद्रोही. वर्ग गप्प होऊन वाचत होता. "ही वॉज अ चीटर," ती जांभळी म्हणाली, पण आवाजात कौतुक होतं. साताऱ्यात नऊ वर्षांत एकाही पोराने इतिहासाचं पुस्तक इतक्या रागाने वाचलं नव्हतं.

तिथे मला चव लागली. राजाने शत्रूच्या घरातली मुलगी करून दोन घराणी एक केली. मी हिरव्याला आणि जांभळीला एका बाकावर बसवलं. दोन दिवस ते एकमेकांकडे पाठ करून बसले. तिसऱ्या दिवशी दोघं मिळून माझ्या इंग्रजी उच्चारांची नक्कल करताना सापडले. युती झाली. राजाने सरदारांना आपापल्या खुणा मिरवणारी माणसं पदरी बाळगायला बंदी घातली. मी मनगटपट्ट्या गोळा करून ड्रॉवरमध्ये टाकल्या.

मग एक तोतया निघाला. मागच्या बाकावरच्या एका शांत मुलाने पसरवलं की जुने सर त्याला रोज ईमेल करतात, परीक्षा रद्द आहे आणि सर येईपर्यंत वर्ग त्याच्या ताब्यात आहे. अर्ध्या वर्गाने अभ्यास सोडला. ह्या राजासमोरही असा एक खोटा राजपुत्र उभा राहिला होता. त्याला पकडल्यावर राजाने मारलं नाही, स्वयंपाकघरात मांस भाजायला लावलं. मी मुलाला लंच ब्रेकमध्ये लायब्ररीत बोलावून तारखेचा शिक्का हातात दिला. पोरगं हरखलं. आठवडाभर अर्ध्या शाळेच्या हातांवर आणि एका केजीच्या मुलाच्या कपाळावर तारखा होत्या. परीक्षा रद्द असल्याची अफवा खलास.

इथे थांबले असते तर चांगली राणी म्हणून गेले असते. पण राजा थांबला नव्हता. सरदारांनी डोकं वर काढू नये म्हणून तो त्यांच्याकडून दंडाची हमीपत्रं लिहून घ्यायचा. मीही घ्यायला लागले. "पुन्हा बोललो तर पाच मिनिटं ब्रेक सोडीन." खाली सही. आधी बोलणाऱ्यांकडून घेतली, मग न बोलणाऱ्यांकडून, उगाच, आगाऊ. गोळा करायला वर्गातल्या सगळ्यांत नीटनेटक्या दोन मुली मॉनिटर नेमल्या. त्या घामाघूम होऊन वसुली करायच्या, फोल्डरमध्ये लावायच्या, आणि प्रत्येक कागदावर मी सही करायची. राजाही म्हणे हिशेबाच्या वह्यांच्या पानापानावर सही ठोकायचा. शेवटी शेवटी वर्ग इतका शांत झाला की एसीचा आवाज यायचा. प्रिन्सिपल बाईंनी दाराच्या काचेतून अंगठा दाखवला. मी फुगले.

आमचा मुलगा त्याच शाळेत सहावीत. तो जेवताना म्हणाला, "मम्मा, एव्हरीवन हेट्स यू. लाइक, एव्हरीवन."

"मराठीत सांग," नवरा म्हणाला.

"सगळे," मुलगा म्हणाला.

सातव्या सोमवारी नवे सर आले. धिप्पाड, लाल दाढी, मोठ्याने हसणारे. मी त्यांना पुस्तक, रजिस्टर आणि मोठ्या अभिमानाने तो फोल्डर दिला. तासाभराने शेजारच्या इमारतीतून लायब्ररीपर्यंत आरोळ्या ऐकू आल्या. शिक्केवाला मुलगा धापा टाकत सांगायला आला: सरांनी सगळी हमीपत्रं फाडून वर उडवली, आणि त्या दोन मुलींना मॉनिटरपदावरून काढलं. वर्ग बाकांवर चढून नाचला. दोघी बाथरूममध्ये रडत होत्या.

मला काय झालं असेल हे सांगायला पुढचं पान उलटावं लागेल. ह्या राजाच्या मुलाने गादीवर बसताच बापासाठी वसुली करणारे दोन मंत्री तुरुंगात टाकले, आणि पुढे त्यांची मुंडकी उडवली. लोक खूश. तो धडा मी शिकवलाच नव्हता.

राजा तेव्हा मेलेला होता, त्याला काही करता आलं नाही. मी जिवंत होते आणि माझा लंच ब्रेक चालू होता. स्टाफरूममध्ये सर सँडविच खात होते.

"त्या मुलींनी काही केलं नाही," मी म्हणाले. "कागद माझे, सह्या माझ्या, हौस माझी."

सर हसले. "मला वाटलं, मुलांना बरं वाटेल."

"मुलांना बरं वाटलंच. त्या दोघींना सोडून."

त्यांचं हसू जरा कमी झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला सांगितलं की हुकूम मिसचा होता. मीही जाऊन सगळ्यांसमोर सॉरी म्हटलं. हिरव्याने टाळी वाजवली, ती कौतुकाची होती की थट्टेची ते मी विचारलं नाही. मुलींना मॉनिटरपद परत मिळालं, पण त्या दोघी लायब्ररीत यायच्या बंद झाल्या. त्यांच्या नावावरची पुस्तकं त्या दुसऱ्यांच्या हाती परत पाठवायच्या.

टर्म संपता संपता त्यातली एक आली. शुक्रवार होता, शाळा लवकर सुटायची होती. काउंटरपाशी उभी राहून ती छताकडे बघत म्हणाली, "मिस, ज्वालामुखीवर काही आहे?"

होतं. मी तीन काढून दिली. तिने दोन घेतली, तिसरं उघडून पाहिलं, त्यातलं बिस्किट माझ्यासमोर ठेवलं आणि गेली.