पहिल्या बाकाचा मान

आमच्या घरी लेकरू शाळेत घालायचं म्हटलं की लग्नघरासारखी गडबड. सकाळी लवकर आंघोळ, पांढरे कपडे, विहारात मेणबत्ती, आणि मग माझे सासरे लेकराचं बोट धरून त्याला शाळेत न्यायचे. बरं, फाटकापर्यंत नेऊन सोडलं असंही नाही. थेट वर्गात शिरायचे, मॅडमला हात जोडायचे आणि लेकराला फळ्यासमोरच्या पहिल्या बाकावर बसवूनच बाहेर यायचे. तिथं आधी दुसरं कोणी बसलेलं असलं तर त्याला गोडीगुलाबीनं सरकवायचे. दर जूनला वर्ग बदलला की पुन्हा तोच सोहळा. मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरच्या त्या हिंदी शाळेतल्या मॅडमना हे इतकं पाठ झालं होतं, की मामाजी दारात दिसले की त्या आपण होऊनच पहिल्या बाकावर जागा करायच्या. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजीच म्हणतात.

या हट्टाला कारण होतं. मामाजींच्या वडिलांना शाळेत दारापाशी बसवत, सगळ्यांच्या चपला जिथं काढलेल्या असायच्या तिथं. तिथून फळा दिसायचा नाही, नुसतं ऐकू यायचं. ऐकून ऐकून जेवढं शिकता आलं तेवढं शिकले, मग शाळा सुटली ती सुटलीच. पण आपल्या पोराला त्यांनी शिकवलं, आणि मामाजी सरकारी दवाखान्यात ड्रेसर झाले. उभा जन्म लोकांच्या जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. त्यांनी शपथच घेतली होती म्हणा ना, की आपल्या घरातलं लेकरू पहिल्याच बाकावर बसेल. माझे मिस्टर तिथंच बसले, नणंद तिथंच बसली. माझी मुलगीही तिथंच बसली, आणि तिसरीत गेल्यावर तिनं शाळेत बोलणं सोडलं.

घरी ती बडबडी होती, अगदी तोंडाला कुलूप लावावं इतकी. शाळेचा गणवेश अंगात घातला की मात्र गप्प. मग पोटात दुखायला लागायचं. आधी मला वाटलं नाटकं करते. मग एका सकाळी तिनं शाळेच्या वाटेवर सगळा नाश्ता ओकून टाकला आणि माझा हात असा घट्ट धरला की बांगडी वाकली. डॉक्टर म्हणाले पोट ठणठणीत आहे. शेजारच्या काकू, संत्र्याच्या बागेवाल्या, मायाळू बाई, म्हणाल्या की एखाद्या शनिवारी जामसांवलीच्या हनुमानाला नेऊन आण, तिथं भल्याभल्यांची बाहेरची बाधा जाते. मी त्यांची संत्री घेतली आणि विषय बदलला. शाळेत विचारायला गेले तर मॅडम म्हणाल्या, बच्ची अच्छी है, पर मुँह नहीं खोलती. वर्गात खच्चून पोरं भरलेली. त्या बाईंनी तरी कुणाकुणाचं तोंड उघडत बसावं?

दिवाळीची सुट्टी संपली आणि मी ठरवलं की हिला पाठवायचं नाही. मी बीएस्सी झालेली, लग्नाआधी शिकवण्या घेतलेल्या. तिसरीचं गणित मला जड जाणार होतं का? घरी शिकवीन म्हटलं.

माझ्या मिस्टरांना घाम फुटला. ते रोज बसनं पांढुर्ण्याला कचेरीत जातात, आता तर जिल्हाच झालाय, तिथं चार कायदा जाणणारे भेटतात. त्यांनी विचारलं. एक म्हणाला, शिक्षण हा लेकराचा हक्क आहे, घरी ठेवाल तर अंगलट येईल. दुसरा म्हणाला, कोणी विचारत नाही, पुढं मुक्त शाळेतून परीक्षा देता येते, खुशाल शिकवा. तिसऱ्यानं विचारलं, भाऊ, घरी काही भांडण झालं का? जितकी डोकी तितकी उत्तरं. मला राग यायचा तो याचा, की जी मुलं पटावर आहेत आणि वर्षभर संत्री तोडायला, कापूस वेचायला जातात त्यांचं कोणाला काही नाही, आणि मी पोटच्या पोरीला शिकवते म्हटलं तर साऱ्या गावाला कायदा आठवला.

पण खरी भीती मला मामाजींची होती. ते ओरडणाऱ्यातले नव्हेत. दोन दिवस नुसते जेवून उठले. तिसऱ्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "माह्या बापाले शाळेच्या दारात बसवत होते. तू त पोरीले दारातूनच वापस आणली."

 त्यांचं खोटं नव्हतं. ज्या घरानं शाळेसाठी पिढ्या घासल्या त्या घराची सून मी, आणि लेकीला शाळेतून काढून घरात बसवणारी मीच. शिकलेल्या वरच्या लोकांना मूल घरी शिकवणं म्हणजे शोभा असेल. आमच्यात घरी बसलेल्या पोरीला शिकवणं म्हणत नाहीत, पोरीची शाळा बंद केली म्हणतात. रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले आणि सकाळी छपरीत सतरंजी टाकली. छपरी म्हणजे आमच्या घरासमोरचा पत्र्याखालचा ओटा. साडेदहाला वर्ग सुरू केला.

मजा यायची, खरं सांगते. अपूर्णांक शिकवायला मी संत्रं सोललं, एक फोड म्हणजे एक दशांश म्हटलं. तिनं मोजल्या तर अकरा निघाल्या. दुसरं सोललं, त्यात दहा. "आई, झाडाले गणित येत नाही," म्हणाली, आणि आम्ही दोघींनी गणित खाऊन टाकलं. शाळेत मराठी नव्हतंच, ते तिला मी शिकवलं. ती भराभर वाचायला लागली, कापसाच्या गाडीवर मागं काय लिहिलंय तेसुद्धा. पोट दुखायचं थांबलं. मी मनात म्हणायची, हातच्या काकणाला आरसा कशाला, पाहा म्हणावं सगळ्यांनी.

एक गोष्ट तेवढी खुपायची. शाळा सुटायच्या वेळी ती आमच्या अंगणाच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची. दप्तरं हलवत, एकमेकींच्या वेण्या ओढत पोरी जायच्या आणि ही नुसती बघायची. मी हाक मारली की म्हणायची, काही नाही, अशीच उभी आहे. मग एक दिवस तिनं सतरंजीवर स्वतःच्या आसनाशेजारी दुसरं आसन टाकलं. मी विचारलं, हे कोणाला? म्हणाली, कोणालाच नाही, राहू दे ना.

मामाजी आतल्या खोलीतून हे पाहत असले पाहिजेत. दुसऱ्या दिवशी साडेदहाला ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, चष्मा पुसत बाहेर आले आणि त्या रिकाम्या आसनावर मांडी घालून बसले. मी खडू हातात घेऊन बघतच राहिले. म्हणाले, "मॅडम, माही हाजिरी घ्या."

झालं! त्या दिवसापासून माझ्या वर्गात दोन विद्यार्थी. आणि त्यातला मोठा महाखट्याळ. मी पाठ केली की नातीला पेपरमिंटची गोळी द्यायचे. उत्तर येत असून मुद्दाम चुकवायचे, म्हणजे ती त्यांना हसेल. पाणी प्यायला जाऊ का मॅडम, म्हणून दर थोड्या वेळानं बोट वर. सासऱ्याला कान धर म्हणायची सोय नाही, आणि हसावं तर वर्ग हातातून जायचा. शेजारच्या काकू कुंपणावरून बघून म्हणाल्या, बाई, तुझ्या शाळेत माझ्याही म्हाताऱ्याचं नाव टाक, घरात डोकं खाऊन राहिला. पण पोरगी त्यांच्याशी खोडरबरवरून भांडायला लागली, आणि मी समजले की ते कशासाठी बसले होते. ते माझं शिकवणं मान्य करून बसले नव्हते. नातीशेजारी कोणी नव्हतं म्हणून बसले होते.

उन्हाळा लागला होता तेव्हाची गोष्ट. मी हिंदीचा नवीन धडा काढला आणि सहज म्हटलं, चला, मोठ्यानं वाचायचं, सुरुवात या बाजूनं. त्या बाजूला ती बसलेली होती. तिचा चेहरा पांढरा पडला. हात पोटावर गेला. इतक्या महिन्यांत एकदाही न दुखलेलं पोट! मी उठायच्या आत मामाजींनी पुस्तक ओढून घेतलं. "मी वाचतो पहिले," म्हणाले आणि अडखळत, ठेचकाळत, एकेक ओळ दोनदा वाचत त्यांनी पान संपवलं. त्यांच्यामागून तिनं वाचलं, सुरेख वाचलं.

वर्ग सुटल्यावर ते उठले नाहीत. दवाखान्यात इतकी वर्षं माणसांच्या चेहऱ्यावरून कळ कुठं आहे ते ओळखलेला माणूस. मला वाटलं आता पोट दाबून बघतील. त्यांनी नुसतं विचारलं, शाळेतही वाचायच्या वेळीच दुखायचं का?

ती सतरंजीचे धागे ओढायला लागली. मग म्हणाली, "आबाजी, तिसरीत वाचन पहिल्या बाकापासून सुरू होते. मीच पहिली असतो रोज. मले हिंदी अटकत होतं अन् सगळा क्लास मागून हसत होता. मले मागं बसायचं होतं."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही बसवलं होतं ना तिथं."

मी दाराशी उभी होते.  आम्ही डॉक्टर केले, मॅडमना विचारलं, कायदा शोधला, शाळाच सोडवली. आणि पोरीला हवं होतं काय, तर दोन बाक मागं सरकायला. ते मागायची तिला हिंमत नव्हती. कारण तो बाक म्हणजे आजोबांची आयुष्याची कमाई, हे सहा वर्षांची असल्यापासून तिला कळत होतं. लेकरं किती ओझं मुकाट्यानं वाहतात बाप्पा! मामाजींचा चेहरा मला बघवेना.  संध्याकाळी फिरायला गेले नाहीत, बातम्या लावल्या नाहीत. छपरीत त्या आसनावर अंधार पडेपर्यंत बसून राहिले.

जून आला. मी पुढच्या वर्गाची पुस्तकं आणून ठेवली होती, वेळापत्रक आखलं होतं. मामाजींनी मला विचारलं नाही, माझ्या मिस्टरांनाही विचारलं नाही. तिलाच विचारलं, शाळेत जातं का? ती माझ्याकडे बघायला लागली तर म्हणाले, आईकडे नोको पाहू, माह्याकडेही नोको पाहू. ती म्हणाली, जिथं मले बसायचं तिथं बसू द्याल त जातो.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? माझा वर्ग मोडला म्हणून वाईट वाटलं. मी तिला शाळेपेक्षा चांगलं शिकवत होते, हे मी आजही कोणालाही ठणकावून सांगेन. आई-बापांना घरी शिकवू द्यावं का, असं मला कोणी विचारलं तर मी हो म्हणेन, कारण ते महिने मिळाले नसते तर माझ्या लेकीचं तोंड उघडलंच नसतं, आणि तिला काय सलतंय ते आम्हाला जन्मात कळलं नसतं. पण तिला शाळेत घालताना आम्ही तिला विचारलं नव्हतं, आणि काढताना मीही विचारलं नव्हतं. विचारलं शेवटी त्या म्हाताऱ्या वर्गमित्रानं.

पहिल्या दिवशी सगळं रीतीप्रमाणे झालं. आंघोळ, पांढरा फ्रॉक, विहारात मेणबत्ती. मी आणि मामाजी तिला घेऊन शाळेत गेलो. वर्गाच्या दाराबाहेर पोरांनी चपला-बूट काढले होते, त्यात हिनं आपले काढले. मामाजी उंबऱ्यावरच थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते आत गेले नाहीत. मॅडम नवीन वर्गाच्या होत्या तरी त्यांना सगळं माहीत होतं. त्या हसल्या, पहिल्या बाकावर जागा होती ती दाखवली आणि म्हणाल्या, आइए अंकल, आगे बैठा देते हैं. मामाजींनी मान हलवली. "नहीं मॅडम. वो खुद देख लेगी."

ती मध्ये उभी राहिली. सगळा वर्ग बघत होता आणि माझा जीव टांगणीला. पहिल्या बाकाकडे तिनं बघितलं, मग पूर्ण वर्गावर नजर फिरवली. शेवटच्या रांगेत, अगदी दाराला लागून, एक बारीकशी पोरगी एकटी बसली होती. माझी लेक सरळ तिकडे गेली, काहीतरी विचारलं, ती पोरगी सरकली आणि ही तिच्या शेजारी बसली. दारापाशी. बाहेर काढलेल्या चपलांपासून हातभर अंतरावर.

मी मामाजींकडे बघायचं टाळत होते. पण शेवटी बघितलं. त्यांनी चौकट धरली होती आणि डोळे भरून आले होते. मला वाटलं, आता हे आत जातील, तिला हाताला धरून पुढं आणतील, आणि मी त्यांना अडवणार नव्हते. ते खाली वाकले. चपलांच्या त्या पसाऱ्यातले तिचे बूट शोधले, त्यांची जोडी लावली आणि भिंतीला नीट टेकवून ठेवली. मग सरळ उभे राहिले.

"माह्या बापाले इथं बसवलं होतं," ते हळूच म्हणाले. "हे आपल्या मनानं बसली."

आतून मॅडमचा आवाज आला, चलो, किताब खोलो. मी अजून बघत उभीच होते. मामाजींनी माझ्या खांद्याला हात लावला.

"चाल बाई," म्हणाले. "आता दारात आपलं काही काम नाही."