उदाहरणादाखल

स्टेजवरच्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. मला माइकशेजारी उभं केलं. सत्कार उभ्यानंच घ्यायचा असतो, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मार्चचा उकाडा होता. साडीवर मी माझ्या खात्याच्या हॉकी संघाचा निळा ब्लेझर घातला होता. छातीवरचा बिल्ला आदल्या दिवशी टूथपेस्टनं घासून चकचकीत केला होता.

संस्थेच्या कार्याध्यक्षांनी माझ्याकडे हात केला. माझ्याकडे पाहिलं नाही. समोर बसलेल्या मुलींना ते म्हणाले,

"ह्या बाई आपल्याच महाविद्यालयाच्या. बऱ्या खेळायच्या. दुसऱ्या वर्षाला असताना नोकरी आली आणि यांनी शिक्षण सोडलं. आज कुठे आहेत? आवक-जावकला. टपालावर शिक्के मारतात. मुलींनो, निर्णय घेण्याआधी यांच्याकडे एकदा नीट बघून घ्या."

मुलींनी बघितलं.

त्या माझ्याच मुली होत्या. महाविद्यालयाचा हॉकी संघ. त्यांतल्या निम्म्या जणींना स्टिक कशी धरायची इथपासून मी शिकवलं होतं. काहींनी लगेच मान खाली घातली. प्राध्यापकांच्या रांगेत कुणीतरी हसलं. मोठ्यानं नाही. पुण्यात मोठ्यानं हसत नाहीत.

मला घाम फुटला होता आणि ब्लेझर काढता येत नव्हता.

चूक माझी एकच झाली. मी एका शब्दाचा अर्थ चुकीचा लावला. आठवड्यापूर्वी जिमखान्याच्या सरांचा फोन आला होता. "बाई, गुरुवारी सभागृहात या. कार्याध्यक्षांना तुमचं उदाहरण मुलींपुढे ठेवायचंय. जरा नीटनेटक्या या." उदाहरण ठेवायचंय. मला वाटलं, इतक्या वर्षांनी आठवण झाली. ऑफिसात सांगितलं, सत्काराला चाललेय. जावेला सांगितलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकली. नीटनेटकी गेले.

मी सरकारी खात्यात नोकरी करते. खेळाडू म्हणून लागले, खात्याच्या संघातून गुडघा जाईपर्यंत खेळले, मग टेबलावर बसले. शिक्के मारते हे खरं आहे. नीट मारते. त्या शिक्क्यांवर खडकीच्या एका खोलीतून माझे आईवडील दोन खोल्यांत आले, भाऊ शिकला. मला त्या टेबलाची लाज कधी वाटली नव्हती. त्या दिवशी कुणीतरी ठरवलं की वाटायला हवी.

सकाळी मैदानावर मुलींना शिकवते. या महाविद्यालयाला स्वतःचं मैदान नाही. सदाशिव पेठेत इमारत आहे, लाकडी कठड्याचा रुंद जिना आहे, संस्थापकांचं तैलचित्र आहे. मैदान आम्ही खडकीत शोधलं. माझ्या येण्याचा पगार नाही. मुलींना शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून गेले. महाविद्यालयात मला कोचबाई म्हणतात. मॅडम म्हणत नाहीत, मॅडम पदवीधरांना म्हणतात. मुली ताई म्हणतात.

त्या रुंद जिन्याखाली एक पाटी आहे. "खेळाडूंनी मागील जिन्याने जावे. वास येतो. – आदेशावरून." मुख्यतः ती ऋतुजासाठी लावली. ऋतुजा आमची गोलकीपर. पायांचे पॅड, छातीचं कवच, हेल्मेट, मोठाले हातमोजे, हे सगळं घामानं भिजतं आणि धुता येत नाही. वास येतोच. ती हडपसरच्या पलीकडच्या गावातून येते, स्वारगेटला बस बदलते. तिची बॅग तिच्यापेक्षा लांब. कंडक्टर म्हणतात, "आली बघा, प्रेत घेऊन." ती तिकीट काढते आणि बॅगेवरच बसते. तिला कुणी काही बोललं तर ती हेल्मेट घातल्यासारखी बघते.

या ऋतुजाला हिवाळ्यात एका व्यावसायिक लीगच्या संघानं विचारलं. करार. परराज्यात शिबिर. शिबिर नेमकं तिच्या पदवीच्या शेवटच्या परीक्षेवर आलं. तिच्याबरोबर आणखी दोघींना खात्यांकडून नोकरीसाठी बोलावणं आलं, त्यांचं अजून एक वर्ष बाकी होतं. जावं की पदवी होईपर्यंत थांबावं? तिघी रोज सराव झाल्यावर स्टिक मांडीवर घेऊन यावरच बोलायच्या. प्रश्न सोपा नव्हता. लीग पुढच्या वर्षापर्यंत थांबत नाही. संघाला गोलकीपर दोन लागतात, जागा रिकामी राहिली की उद्या तिथं दुसरी मुलगी उभी असते.

महाविद्यालयाला प्रश्न पडलाच नव्हता. मूल्यांकन समिती येणार होती. समितीला दाखवायला जिंकणारा संघ हवा होता. ऋतुजानं एम.ए.ला नाव घालावं, आणखी दोन वर्षं इथूनच खेळावं, असं त्यांनी ठरवलंही होतं. म्हणून ती सभा. पालकांनाही बोलावलं. आणि घाबरवायला काहीतरी हवं म्हणून मला बोलावलं.

माझ्यानंतर कार्याध्यक्षांनी ऋतुजाच्या वडिलांना उभं केलं.

"आपण काय करता?"

"टेम्पो हाय माझा."

"आहे म्हणावं. पुण्यात आलात ना आता."

"आम्ही कुठं आलो साहेब. पुणंच आलं आमच्याकडं."

मागून मुली फिसकन हसल्या. कार्याध्यक्षांना ते झोंबलं. ते म्हणाले, "विनोद पुरे. मुलीचं नुकसान करू नका. खेळ चार दिवसांचा असतो. ती शिबिराला गेली तर हजेरी भरणार नाही, टर्म मिळणार नाही. टर्म नाही म्हणजे परीक्षा नाही. मग आयुष्यभर या बाईंसारखं."

ऋतुजाचे वडील माझ्याकडे वळले. "मग ताईंनीच सांगावं. त्या खेळल्यात. आपुन कोन खेळलंय हितं?"

"हो, बोला की बाई," कार्याध्यक्ष म्हणाले. "दोन शब्द. दोनच."

टर्म. तो शब्द कानावर पडला आणि माझं डोकं थंड झालं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना विद्यापीठाच्या संघात माझी निवड झाली. नाव महाविद्यालयानंच पाठवलं होतं. आधी शिबिर, मग दक्षिणेत स्पर्धा. परत आले तेव्हा वर्गातली हजेरी कमी पडली. विभागप्रमुखांच्या खोलीबाहेर मी सबंध सकाळ 'बघू' ऐकत उभी होते. ते डबा खायला बाहेर आले तेव्हा म्हणाले, "खेळायला गेला होतात ना? मग खेळा." एवढंच. टर्म दिली नाही. परीक्षेला बसू दिलं नाही. वडिलांना बोलावून सांगितलं, तुमच्या लोकांना शिक्षणात रस कमी असतो. वडिलांनी मान हलवली. त्यांना वाटलं, एवढे शिकलेले लोक म्हणतात तर असेल. जूनमध्ये महाविद्यालयाचं नवं माहितीपुस्तक निघालं. त्याच्या आतल्या पानावर माझा फोटो होता. हातात स्टिक, खाली लिहिलेलं: आमचा अभिमान.

खात्याची नोकरी त्यानंतर आली. आधी नाही.

पण पुढं कुणी विचारलं की मी सांगायचे, नोकरी आली म्हणून सोडलं. ते ऐकायला बरं वाटतं. हाकललं म्हणण्यापेक्षा सोडलं बरं. सांगता सांगता मलाही तेच खरं वाटायला लागलं होतं. आणि आता तेच वाक्य कार्याध्यक्षांनी माइकवरून माझ्याच तोंडावर मारलं होतं.

मी माइक खाली ओढला.

"मी शिक्षण सोडलं नाही. तुम्ही मला टर्म दिली नाही."

प्राचार्या मॅडम खुर्चीवरून पुढे झुकल्या. "बाई, तो विषय आत्ता नको."

"तोच विषय आहे. विद्यापीठाकडून खेळायला तुम्ही मला पाठवलंत. तुम्हीच गैरहजर लिहिलंत. आणि आता ऋतुजाला तेच करणार आहात. माझ्याकडे बघायला सांगता ना? मग मला असं केलं कुणी, तेही सांगा."

"झाले दोन शब्द," कार्याध्यक्ष म्हणाले.

"एक राहिलाय. गेल्या वर्षी याच जागी तुमच्या नातवाचा सत्कार झाला. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडून त्यानं कंपनी काढली. तुम्ही स्वतः त्याला धाडसी म्हणालात. मी मागं उभी राहून टाळ्या वाजवल्या. त्यानं सोडलं तर धाडस आणि ऋतुजानं सोडलं तर नुकसान, हे कसं ठरतं?"

"त्याची गोष्ट वेगळी आहे."

"कशी?"

"त्याच्या मागे घर आहे."

ते बोलून गेले. माइक माझ्या हातात होता आणि चालू होता, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. ते काही खोटं बोलले नाहीत. इतकी वर्षं मला कुणी इतकं खरं सांगितलं नव्हतं. घर मागे असलं की धाडस. नसलं की घाई, हट्ट, शिक्षणात रस नाही. हजेरी सगळ्यांचीच कमी भरते. ती कुणाची मोजायची, ते मागे काय आहे ते बघून ठरतं.

तेवढ्यात ऋतुजा उभी राहिली. तिला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"सर, माझ्या मागे नुसतं नेट असतं. मला सवय आहे."

आणि खाली बसली.

सभा तिथंच संपली. आभार मानायचे राहिले, पुण्यात हे सहसा होत नाही. मी पुढच्या जिन्यानं उतरले. मुली मागच्या जिन्याकडे वळल्या होत्या. सवयीनं. मी त्यांना हाक मारली नाही. ते त्यांचं त्यांना कळायला हवं होतं. अर्ध्या जिन्यावर असताना वर पावलं वाजली. ऋतुजा येत होती, बॅग कठड्यावर आपटत. तिच्या मागे बाकीच्या.

त्याच संध्याकाळी जिमखान्याच्या सरांचा फोन आला. आवाज दबलेला. त्यांनाही वर बोलणी बसली असणार. "बाई, सोमवारपासून येऊ नका. तुम्हाला उदाहरण म्हणून बोलावलं होतं. भाषणाला नाही."

"सर, मैदान तुमचं आहे का?"

फोन त्यांनी ठेवला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "काय मग, पेढे कुठायत? शाल मिळाली की नुसताच नारळ?"

"नारळ," मी म्हटलं.

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी माझ्यापुढे चहा सरकवला.

सोमवारी मी खडकीला गेले. संघही आला. महाविद्यालयाच्या जर्सी न घालता. सराव झाल्यावर ऋतुजा पॅडचे पट्टे सोडत बसली आणि तिनं विचारलं, "ताई, जाऊ का?"

"मला विचारू नकोस."

"का? तुमच्यावर राग काढतील म्हणून?"

"त्यांनी माझं उदाहरण देऊन तुला थांबवायला बघितलं. मी माझंच उदाहरण देऊन तुला ढकलायचं? तेही तसलंच. काय आहे तेवढं सांगते. पदवी नसली की नडतं. माझ्यानंतर लागलेली पोरं माझी साहेब झाली. लीगमध्ये एखादं दुखणं झालं तर करार संपतो. आणि इथं थांबलीस तर तुझी जागा जाते. आता तू ठरव."

तिनं शेवटचा पट्टा सोडला. मग म्हणाली, "जाते. आणि परीक्षा पण देणार. दोन्ही माझंच आहे."

बाकीच्या दोघींनी थांबायचं ठरवलं. त्यांचंही बरोबर. एकीच्या वडिलांनी फोन करून मला दोष दिला, दुसरीच्या आईनं आभार मानले. मी दोघांनाही सांगितलं, पोरींनी ठरवलंय.

ऋतुजानं जाण्याआधी प्राचार्या मॅडमकडे अर्ज दिला. मी खेळायला जात आहे, माझी हजेरी धरावी, मला परीक्षेला बसू द्यावं. मॅडम म्हणाल्या, "बघू." हे बघू मला चांगलं माहीत आहे. मी ते एकदा सबंध सकाळ ऐकलेलं आहे. त्याचा अर्थ नाही असाच असतो, फक्त तो मुलगी गावाबाहेर गेल्यावर कळवतात.

आता शिबिर सुरू झालंय. ऋतुजा तिथं आहे. टर्मची यादी अजून लागायची आहे. यादीत तिचं नाव असेल तर ती दोन दिवसांची सुट्टी घेऊन येईल, पेपर देईल, परत जाईल. संघाच्या प्रशिक्षकांशी तिनं तसं बोलून ठेवलंय. नाव असलं पाहिजे, एवढीच अट.

नवीन संघानं तिला नवं किट दिलं. जुनं ती माझ्याकडे ठेवून गेली. बाल्कनीत दोरीवर पॅड टांगलेत. ऊन देऊनही उपयोग नाही. जाऊबाई येतात तेव्हा नाकाला पदर लावतात.

रजेचा अर्ज मी आधीच टाकून ठेवलाय. यादी लागेल त्या दिवसापासून पुढची सगळी शिल्लक रजा. कारणाच्या रकान्यात लिहिलंय: महाविद्यालयीन काम. यादीत ऋतुजाचं नाव नसलं तर मी ब्लेझर घालणार आहे. तिचं किट खांद्यावर घेणार आहे. त्या पाटीपाशी थांबणार नाही. पुढच्या जिन्यानं वर जाणार, कार्याध्यक्षांच्या टेबलावर पॅड, हातमोजे, हेल्मेट एकेक करून मांडणार आणि समोरच्या खुर्चीत बसणार. या वेळी उभी राहणार नाही. तिची टर्म मिळेपर्यंत उठणारही नाही.

वास येईल. येऊ दे.