मांडीवरची डबी

यवतमाळहून आर्णीला येताना एसटीत शेजारची मुलगी खड्डा आला की मांडीवरच्या डबीवर तळहात ठेवायची. चौकशी केल्याशिवाय मला राहवत नाही. विचारलंच.

"चिप आहे, काका. आमच्या स्टार्टअपची पहिली. यानं कॉम्प्युटर लवकर शिकते."

"ते कसं?"

"हिशोब तं तो झटकन करते. मेमरीतून आकडे आणण्यातच वेळ जाते. ते वाहणं कमी करतो आम्ही." मग हसली. "आमच्या तांड्याचे लोक पहिले बैलावर मीठ वाह्यचे. मी बी वाहतूकच पाहून राह्यली."

फाट्यावर ती उतरली. न्यायला आलेल्या वडिलांना तिनं डबी उघडून दाखवली. त्यांनी चिप तळहातावर तोलून पाहिली, परत नीट ठेवली. जड बॅग पोरीच्याच खांद्यावर राहिली. डबी मात्र दोन्ही हातांत धरून ते पुढे निघाले.