रेकॉर्डिंग चालू असताना बोलायचं नाही

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. अंबडच्या एका कारखान्यात मी कित्येक वर्षं क्वालिटी इन्स्पेक्शनला होते. पार्ट गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसला तर ओके, नाही बसला तर रिजेक्ट. "मॅडम, जरासंच तर आहे" म्हणणाऱ्याला मी कधी दाद दिली नाही. भूत, करणी, बाहेरची बाधा असलं कुणी बोलायला लागलं की मी सरळ उठून चहा ठेवायला जाते. त्यामुळे या अमानवीय अनुभवांच्या सदरात मी लिहिलेलं वाचून ओळखीची माणसं हसतील... हसू देत. जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

गोष्ट २००७ सालची. आम्ही नाशिकला इंदिरानगरला राहतो, दुसऱ्या मजल्यावर. अण्णा, म्हणजे माझे सासरे, वारल्यावर सुनीलनं – माझ्या नवऱ्यानं – सासूबाईंना देवळ्याहून आमच्याकडे आणलं. आणलं म्हणजे अक्षरशः आणलं, त्या यायला तयारच नव्हत्या. कारण प्रभाकर.

प्रभाकर हा सुनीलचा मोठा भाऊ. माझं लग्न व्हायच्या कितीतरी आधी, बारावीचा निकाल लागला त्या दिवशी, बाजारात जाऊन येतो म्हणून सायकलवर गेला तो परत आलाच नाही. सायकल एसटी स्टँडवर सापडली, नीट कुलूप लावलेली. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, नवससायास झाले. तेव्हापासून सासूबाईंनी देवळ्याच्या घराला आतून कडी म्हणून कधी लावली नाही, दार नुसतं लोटून घ्यायच्या. नाशिकला निघताना त्यांनी सुनीलकडून त्या दारावर आमचा फोन नंबर ऑइल पेंटनं लिहून घेतला, तेव्हा कुठे गाडीत बसल्या.

इथं आल्यावरही तेच. फ्लॅटच्या दाराला कडी लावू देईनात. मी चिडायचे. म्हटलं, आई, हे शहर आहे, सोसायटीत चोऱ्या होतात, उद्या कुणी आत शिरलं तर काय करायचं? त्या ऐकून घ्यायच्या आणि दारासमोर खुर्ची टाकून बसायच्या. अर्धी भाकरी खायच्या, तीही मी डोळे वटारले म्हणून. डॉक्टर म्हणाले, तब्येतीत काही दोष नाही, त्यांचं मन लागत नाहीये. दर दोन दिवसांनी एकच वाक्य – "मला देवळ्याला सोड, त्यो येऊन परत जाईल." हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. ही बाई अशीच राहिली तर वर्ष काढणार नाही, हे मला दिसत होतं.

सुनीलनं त्यावर उपाय काय काढला, तर अण्णांच्या कॅसेटी. अण्णांचा कांद्याचा व्यापार, पण जीव सगळा गाण्यात. विकतच्या कॅसेटी थोड्या, बाकी सगळं रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून केलेलं रेकॉर्डिंग. अशी एक अख्खी पत्र्याची ट्रंक भरलेली. सुनील म्हणाला, हे सगळं कॉम्प्युटरवर घेऊ, वायरलेस राऊटर आहेच, आईच्या खोलीत जुना लॅपटॉप आणि दोन स्पीकर ठेवू. बसल्या जागी देवळ्याचं घर ऐकू येईल. मी म्हटलं, कर बाबा, निदान तू तरी बिझी राहशील.

ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत असेल, यात शॉर्टकट नसतो. टेपच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर काढायची, ती कॉम्प्युटरच्या मागच्या निळ्या भोकात खुपसायची आणि कॅसेट जितकी लांब तितका वेळ ती वाजू द्यायची. माइक नाही. हे नीट लक्षात ठेवा – माइकचं गुलाबी भोक रिकामं होतं, आमच्याकडे माइक नव्हताच. सुनीलनं मला काम दिलं की तयार झालेली फाईल ऐकायची आणि कुठे कुठे घरातला आवाज मध्ये आलाय ते सांगायचं, मग तो तेवढा नॉईज काढून टाकणार. म्हणजे घरीपण इन्स्पेक्शनच.

पहिल्याच फाईलमध्ये मला शीळ ऐकू आली. गाण्याच्या मागे, लांबून. दोन तुटक आणि एक लांबलेली, शेवटी वर जाणारी. मी सुनीलला म्हटलं, ही शीळ काढ. त्यानं हेडफोन लावला आणि खुर्चीत मागे टेकला. तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. मग म्हणाला, हा प्रभादादा.

मग त्यानं सांगितलं. अण्णांचा कायदा कडक होता – रेकॉर्डिंग चालू असताना घरात कुणी बोलायचं नाही. भांडं वाजवायचं नाही, खोकला आला तर परसात जायचं. आता बाहेरून येणाऱ्याला कसं कळणार आत रेकॉर्डिंग चालू आहे? म्हणून प्रभाकरनं युक्ती काढली होती. गल्लीच्या कोपऱ्यावरून शीळ घालायची. आतून आईनं "ये रे" म्हटलं तर यायचं, काहीच उत्तर नाही आलं तर समजायचं की रेकॉर्डिंग चालू आहे, आणि गाणं संपेपर्यंत दाराबाहेरच्या ओट्यावर गप बसून राहायचं. अण्णा शिळेवरूनही ओरडायचे, पण तेवढं चालायचं.

यात अमानवीय काय, जुन्या कॅसेटमध्ये जुना आवाज, असं मलाही वाटलं. उलट मला भरून आलं. पण खोड जाते कुठे... ओरिजिनलशी ताडून बघायचं म्हणून मी तीच कॅसेट टेपवर लावली. त्या जागी शीळ नव्हती. पुन्हा लावली, शेजारच्यांचा टेप आणून त्यावरही लावली. फक्त गाणं आणि पाठीमागे पंख्याची घरघर.

सुनील म्हणाला, टेप जुना आहे, कॅसेट दोनदा भरलेली असेल, खालच्या थरातला आवाज उमटत असेल. ठीक आहे, मानलं. दुसरी कॅसेट घेतली – शीळ आली, जरा जवळून. तिसरी घेतली, आणखी जवळून. मग मी हट्टानं पहिलीच पुन्हा कॉपी केली. कॅसेट तीच, वायर तीच. शीळ आता तिसऱ्या फाईलच्याही अलीकडे आली होती. म्हणजे कॅसेट कुठलीही लावा, आम्ही एकदा कॉपी केली की तो आवाज एक पाऊल पुढे यायचा.

मी गॅलरीत जाऊन उभी राहिले, खाली कुणी शीळ घालतंय का बघायला. कुणी नाही. शेवटी कॉलेज रोडवरून कोरी कॅसेट आणली, सील मीच फोडलं, आणि ती तशीच रिकामी वाजवून कॉपी केली. नुसती खरखर. मग सायकल स्टँडला लावल्याचा खटका. मग शीळ, अशी की मी हेडफोन कानातून उपटला. रविवारची भर दुपार होती, खाली भंगारवाला ओरडत होता. खरं सांगते, इतकी मी कधीच घाबरले नव्हते.

आम्ही ठरवलं – बंद. सासूबाईंना यातलं काही कळू द्यायचं नाही. त्यांच्या जिवाशी खेळ नको. पण सुनीलनं अशी सोय करून ठेवली होती की नवीन फाईल झाली की आपोआप त्यांच्या लॅपटॉपवर जाऊन वाजायची, आणि ती बंद करायचं तो साफ विसरला होता. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांनी सगळं ऐकलं होतं. आम्ही इकडे कुजबुजत बसलो होतो आणि त्यांना सगळं ठाऊक.

आणि मला तेव्हा लक्षात आलं की गेल्या काही दिवसांत त्या पूर्ण भाकरी खात होत्या.

कॅसेटी कॉपी करणं का थांबवलं, असं त्यांनी मला विचारलं. मी काहीतरी थाप मारली, वायर खराब झाली म्हणून. त्या म्हणाल्या, "पोरी, ओट्यापोत्तर आलाय. आता नको थांबवू."

मी सुनीलशी भांडले. म्हटलं, आपल्याला माहीत नाही हे काय आहे. उद्या शीळ यायची थांबली तर ही बाई खचेल, आणि नाही थांबली तर... तर काय, ते मला बोलवेना. घरात माझी मुलगी होती, शाळेत जाणारी. जे काही येत होतं ते दाराशी आलं होतं, आणि आमच्या दाराला कडी लावलेली नसायची. सुनीलचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण तो म्हणाला की आईला नाही म्हणायची माझी हिंमत नाही. मी मुलीला बहिणीकडे पाठवून दिलं.

दुसऱ्या रविवारी, जेवणं झाल्यावर सासूबाई स्वतःच येऊन कॉम्प्युटरजवळ बसल्या. सुनीलनं ट्रंकेतली हाताला लागली ती कॅसेट लावली, हेडफोन लावला, बटण दाबलं. स्क्रीनवर हिरव्या रेघा हलायला लागल्या. स्पीकर बंद होते, खोलीत आवाज फक्त टेपच्या चाकांचा. सासूबाई काहीतरी बोलायला गेल्या तर सुनीलनं नकळत तोंडावर बोट ठेवलं – अगदी अण्णांसारखं. त्या गप्प झाल्या. आम्ही तिघं तशीच बसून होतो, लहान मुलांसारखी.

एकदम सुनीलचे खांदे ताठ झाले. मला काही ऐकू आलं नाही, सासूबाईंना तर येणं शक्यच नव्हतं, हेडफोन त्याच्या कानावर होता. पण त्यांनी दाराकडे तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाल्या,

"ये रे प्रभा. गाणं ऱ्हाऊ दे."

सुनील रडायला लागला. शीळ झाली आणि लगेच आई बोलली, एवढंच तो सांगू शकला. कॅसेट तशीच संपेपर्यंत चालू राहिली, बंद करायचं कुणाला सुचलंच नाही.

ती फाईल आम्ही एकदाच ऐकली. गाणं चालू आहे. शीळ होते, अगदी कानाशी. मग सासूबाईंचा आवाज – आत्ताचा, म्हातारा, जरा कापरा. "ये रे प्रभा. गाणं ऱ्हाऊ दे." माइक नसताना. त्यानंतर जुन्या लाकडी दाराची करकर, चपला काढल्याचा आवाज, एक आणि मग दुसरी. आणि गाणं पुढे चालू.

आमच्या फ्लॅटचं दार प्लायचं आहे, ते करकरत नाही.

मी धीर करून ट्रंकेतली पुढची कॅसेट कॉपी केली. नंतरच्या सगळ्याच केल्या. एकाही फाईलमध्ये शीळ नाही. सुनीलला वाटलं आता आई हाय खाईल, म्हणून तो त्यांची समजूत घालायला गेला की आई, आता तो आवाज येत नाहीये. सासूबाई गव्हातले खडे वेचत होत्या. त्यांनी मान वरही केली नाही. भावना दाटून आल्या की त्या अहिराणीवर जायच्या, तशा म्हणाल्या, "मना पोऱ्या शे तो." माझा मुलगा आहे तो, असं. मग सुनीलला मुद्दा कळावा म्हणून, "घरात आल्यावर कशाला शीळ घालंल?"

संध्याकाळी त्या उठल्या आणि फ्लॅटच्या दाराला आतून कडी घातली. मी स्वयंपाकघरातून बघत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यानंतर देवळ्याला सोड असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. अंगावर मांस आलं, शेजारणींशी भांडायला लागल्या, माझ्या भाजीला नावं ठेवायला लागल्या. पुढच्या वर्षी झोपेतच गेल्या, शांतपणे, चेहऱ्यावर कसलाच ताण नाही.

प्रभाकरचा आजतागायत पत्ता नाही. तो जिवंत आहे की नाही, हेही आम्हाला माहीत नाही. सुनीलनं ऑर्केस्ट्राच्या एका साउंडवाल्याला सगळं सांगितलं. त्यानं केबल, अर्थिंग, शेजारचा फोन अशी बरीच कारणं दिली, पण कोऱ्या कॅसेटचं विचारलं तेव्हा विषय बदलला. गेजमध्ये बसत नाही आणि रिजेक्टही करता येत नाही, असा हा एकच पार्ट माझ्या हातून गेला.

एक शेवटचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. परवा सुनीलनं गंगापूर रोडला मोठा फ्लॅट बघितला. लिफ्ट, पार्किंग, सगळं मनासारखं. आमच्या या फ्लॅटला गिऱ्हाईकही चांगलं आलं होतं. टोकन द्यायला निघायचं म्हणून मी पर्स घेतली, चपला घातल्या, आणि दाराला कुलूप लावता लावता माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, पण मग त्या दोघांचं काय?"

सुनीलनं कुणाचं म्हणून विचारलं नाही. किल्ली माझ्या हातातून घेतली, दार उघडलं आणि आत जाऊन चहा टाकला.

आम्ही अजून इंदिरानगरलाच आहोत.