बर्फ फुटेपर्यंत चीचाको

आईने काम एकच सांगितलं होतं. "पोट्ट्याले घेऊनच ये."

पोट्टा म्हणजे माझा धाकटा भाऊ नीलेश, वय वर्षं एकतीस. कॅनडाच्या उत्तरेला, सोन्याच्या खाणींच्या डॉसन गावात, एका खाणमालकाचे कॉम्प्युटर आणि सर्व्हेचे नकाशे सांभाळतो. बाणेरच्या एका कंपनीने त्याला नोकरी देऊ केली होती. मेच्या दुसऱ्या सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर दुसरा उमेदवार तयार. त्याचं परतीचं तिकीटही मीच काढलं. आणि खरं सांगते, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या! विश्रांतवाडीहून विमानतळ हाकेच्या अंतरावर, तरी मी पहाटेपासून बूट घालून बसलेली.

जाणार असाल तर मार्ग असा: पुणे, दिल्ली, व्हँकुव्हर, व्हाइटहॉर्स. माझं तिकीट दोन लाखांच्या घरात गेलं. व्हिसाला भरपूर वेळ द्या. व्हाइटहॉर्सहून डॉसन साडेपाचशे किलोमीटर, नीलेश गाडी घेऊन आला होता. जमीन गोठून-वितळून रस्ता मध्येच फुगतो, त्यामुळे मान सांभाळा. पेट्रोल दिसेल तिथे भरा. वाटेतल्या हॉटेलात ताटाएवढा दालचिनीचा बन मिळाला, तो आम्ही दोघांनी संपवला आणि दुसरा मागवला.

नीलेश मार्था नावाच्या सत्तरीच्या बाईंकडे भाड्याने राहतो. दार उघडताच त्या म्हणाल्या, "या, चीचाकोची बहीण आली!"

चीचाको म्हणजे नवखा. सोन्याच्या शोधात इथे पहिल्यांदा येणाऱ्याला जुने लोक असं म्हणत, आजही म्हणतात. मुरलेल्या माणसाला म्हणतात 'साउरडो', म्हणजे आंबवलेलं पीठ. खाणवाले कडाक्याच्या थंडीत पिठाचं विरजण कोटाच्या आत, अंगाशी धरून जपत, त्यावरून हे नाव.

"अहो, पण याला इथे सव्वादोन वर्षं झाली," मी म्हटलं.

"वर्षं कोण मोजतंय? गावची नदी गोठताना पाहिली पाहिजे, पूर्ण हिवाळा काढला पाहिजे आणि मग तिचा बर्फ फुटताना पाहिला पाहिजे."

नीलेश पहिल्यांदा जानेवारीत पोहोचला, तेव्हा नदी आधीच गोठलेली. पुढच्या हिवाळ्यात गोठायच्या दिवसांतच बाबांच्या वर्षश्राद्धाला तो पुण्यात. या हिवाळ्यात मात्र त्याने ती गोठताना पाहिली होती. फुटायची तेवढी बाकी होती.

मला हा नियम फार आवडला. अकोल्याहून कॉम्प्युटरचा कोर्स करायला पुण्यात आले त्याला वीस वर्षं झाली. ऑफिसातल्या सदाशिव पेठी बाई अजून विचारतात, "आपण मूळच्या कुठल्या?" इथे निदान परीक्षेचा अभ्यासक्रम तरी जाहीर आहे!

पुढचे चार दिवस सगळं गाव नदीकडे डोळे लावून होतं. बर्फावर लाकडी तिवई उभी, तिच्यापासून काठावरच्या घड्याळाला तार. बर्फ हलला की घड्याळ थांबतं, भोंगा वाजतो आणि लोक हातातलं काम टाकून पळतात. मी टेकडी चढले, शेकड्याने फोटो काढले, मार्थाबाईंचे आंबट पॅनकेक खाल्ले. चव थेट आंबोळीची! पण प्रत्येक घासाला कान भोंग्याकडे.

निघायचा दिवस उजाडला. बर्फ राखाडी पडला होता, काठाने पाणी दिसत होतं, पण नदी हलेना. नीलेशने बॅग उचलली. मार्थाबाईंनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "चांगला पाहुणा होतास."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

व्हाइटहॉर्सला जायला छोटं विमान होतं. धावपट्टीपाशी मी विचारलं, "थांबायचंय तुला?"

"ताई, नोकरी जाईल."

"ते नाही विचारलं."

त्याने बॅग खाली ठेवली. मग म्हणाला, "मला इथंच राहायचंय. फक्त बर्फासाठी नाही. आईला कसं सांगू, तेच कळत नव्हतं."

"मग जा ना! पळ! मी सांगते आईला."

खरंच पळाला, बॅग माझ्या पायाशी विसरून. ती तिथल्या काउंटरवरच्या बाईंच्या ताब्यात दिली आणि मी एकटीच विमानात बसले. रडू येत होतं, हसूही येत होतं. व्हाइटहॉर्सला फोन चालू केला तर व्हिडिओ: घराएवढे बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढताहेत, भोंगा वाजतोय, मार्थाबाई नीलेशच्या पाठीत गुद्दे घालत "साउरडो! साउरडो!" म्हणताहेत आणि नीलेश नुसता ओरडतोय. अर्ध्या जगाचा प्रवास करून तासाभराने माझं हुकलं, तरी मी विमानतळावर उड्या मारल्या.

घरी आईने माझ्या मागे जिन्यात डोकावून पाहिलं. "एकटीच आली? काहून वं?"

मी तिच्या हातात फोन दिला. तिने व्हिडिओ तीनदा पाहिला. डोळे पुसले, पुन्हा पाहिला.

"रागावलीस?" मी विचारलं.

"रागावली तं हाओच." मग फोन परत देत म्हणाली, "थे नदी आता कधी गोठते?"

"ऑक्टोबर-नोव्हेंबरात."

"मंग तेव्हाच जाऊ. अर्धवट काही नाही पाह्यचं मले."